गवंडीणबाईची सावड

१

आमच्याकडे बाळंतिणीला आठ दिवस खोलीबाहेर पाऊल टाकू देत नाहीत. दाराला जाड घोंगडं लावतात. थंड पाण्यात हात घालायचा नाही, वाऱ्याला तोंड दाखवायचं नाही. वारं एकदा हाडांत शिरलं की मरेपर्यंत निघत नाही, असं सासूबाई सांगायच्या आणि पुरावा म्हणून स्वतःचा डावा गुडघा दाखवायच्या. मला मात्र ते आठ दिवस सुट्टीसारखे वाटत होते. सात वर्षं सासूबाईंच्या चुलीपाशी, त्यांनी खाण्यासाठी पाळलेल्या गिनिपिगांच्या लेंड्या झाडत काढली होती. आता स्वतःचं घर, स्वतःची खोली, कुशीत सात वर्षांनी झालेली पोर, आणि मेंढीच्या मटणाचं सार आयतं हातात. आणखी काय हवं?

दिवसभराचं काम एकच, पोरीला पाजायचं आणि ऊन बघत पडायचं. खोलीला एकच खिडकी, मावळतीला. दुपार कलली की तिच्यातून उन्हाचा चौकोन आत येई. आधी खिडकीच्या बाजूला निजलेल्या पोरीच्या पायांवर, मग माझ्या पोटावर, मग समोरच्या भिंतीवर. पोरीच्या पायांवर ऊन आलं की ती आळस द्यायची. मी त्याची वाटच बघायचे.

चौथ्या दिवशी ऊन तिच्या पायांवर आलंच नाही. तिला ओलांडून ते थेट माझ्या पोटावर पडलं.

ढग असतील, म्हणून मी कूस बदलली. मग लक्षात आलं, ढग असते तर माझ्याही अंगावर ऊन पडलं नसतं.

२

हे घर बांधायला घेतलं तेव्हा गावात पुरुष म्हणून उरले होते ते म्हातारे, लंगडे आणि माझा नवरा. बाकी सगळे खाली सखल मुलखात ऊसतोडीला गेलेले. सिप्रियानो गवंडी आहे. लोकांची घरं बांधताना याची जीभ आणि थापी दोन्ही सारख्याच चालतात, पण आपल्या भिंती कमरेएवढ्या झाल्या आणि त्याची पाठ धरली. पाऊस महिन्यावर आलेला. उघड्या मातीच्या विटांवर एक सर पडली की सगळ्याचा चिखल. मला सातवा महिना, आणि पोर सासूबाईंच्या धुरात जन्माला घालायची नाही असा मी मनाशी पण केलेला.

अशा वेळी आमच्याकडे गवंडीणबाईला बोलावतात. तिचं खरं नाव आचुकाया, पण ते नाव कोणी घेत नाही. आहे जनावरच, वीतभर लांब, मुंगसाहून पुष्कळ बारीक, पाठ तपकिरी, पोट पिवळट. कोंबड्यांच्या नरड्याला लागते म्हणून शिव्या खाते, आणि कुणाला न दिसता भिंत चढवून देते म्हणून मान घेते. तिला बोलवायचं म्हणजे इर्जिक घालायची. अर्धवट भिंतीवर मक्याची दारू, कोकाची पानं आणि मटणाचा तुकडा ठेवायचा, ‘बाई, काम करून जा’ म्हणायचं. छप्पर चढलं की पुन्हा पोटभर घालून वाटेला लावायचं. ती जेवली, तिनं काम केलं, विषय संपला.

मटणासाठी मी सासूबाईंकडे एक गिनिपिग मागितला.

“वा गं वा!” त्या म्हणाल्या. “घर तुमचं, भिंत तुमची, आणि मान माझ्या जनावराची?”

“एकच तर मागतेय, आई.”

“आज एक मागशील, उद्या छपराला दुसरा. नवऱ्याच्या पाठीला मेंढीची चरबी चोळ. ती फुकट आहे.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी एकटी गेले, भिंतीवर नुसता दारूचा वाडगा ठेवला आणि बोलले, “बाई, तुला जेवू घालायची ऐपत नाही. आपण सावड करू. आज तू माझ्याकडे ये. उद्या तुझ्याकडे काम निघालं की माझ्या घरचं माणूस तुझ्याकडे येईल.” बटाटे काढताना शेजारणीशी दरवर्षी हेच बोलते, तसंच बोलले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत दोन थर वर.

“कोण मेलं माझ्या भिंतीवर मेहेरबानी करून गेलं?” सिप्रियानो कंबर धरून हसला. मग ओळंबा सोडून बघितला आणि हसू आवरलं. “सरळ आहे. माझ्यापेक्षा सरळ आहे.” तो कुणाचं कौतुक करणाऱ्यातला नाही. लंगड्या चुलतभावाचं काम असणार, लाजतोय म्हणून सांगत नाही, असं त्यानं ठरवून टाकलं. मी त्याला तसंच वाटू दिलं. अकरा दिवसांत भिंती पुऱ्या झाल्या, आठवड्यात गवत चढलं, आणि पहिला पाऊस आम्ही आपल्या छपराखाली ऐकला. तिला वाटेला लावायचं काही मी केलं नाही. सावडीत तसं नसतंच.

३

“खिडकी लहान झालीय,” मी सिप्रियानोला म्हणाले.

“तू मोठी झालीस. सार कमी पी.”

“मोजून बघ की.”

तो खिडकीखाली बसला आणि थर मोजले. मग पुन्हा मोजले. “सहा,” म्हणाला.

“तू किती ठेवले होतेस?”

“पाच.” त्यानं डोकं खाजवलं. “सहाच ठेवले असतील. घाईत होतो.”

सतरा वर्षं विटा लावणारा माणूस स्वतःच्या घराचे थर विसरतो? मी त्याच्याकडे बघत राहिले. तो दुसरीकडे बघत राहिला.

पाचव्या दिवशी सात झाले. ऊन आता माझ्याही पोटावर येईना, नुसतं समोरच्या भिंतीवर एक आडवी पट्टी.

“नवी भिंत बसते,” तो म्हणाला. “माती आहे ती, वाळते, बसते.”

“बसते म्हणजे खाली जाते ना? ही उठतेय.”

“दामियाना, ओल्या बाळंतिणीचं डोकं हलकं असतं. आई पण म्हणाली.” असं म्हणून तो बाहेर जायला निघाला, आणि दाराच्या वरच्या तुळईला त्याचं कपाळ खाडकन आपटलं. तो उंच नाही. आदल्या दिवसापर्यंत त्याच तुळईखालून तो टोपीसकट जात होता. कपाळ चोळत तो वाकला आणि घोंगड्याबाहेर गेला. एरवी तो तुळईला चार शिव्या घालून गेला असता.

मी स्वतःला समजावलं. ताप असेल, दूध उतरताना येतो तसा. पोरीच्या अंगावरून हात फिरवला, ती गार होती. माझंही अंग गारच होतं.

४

दुपारी घराजवळ कोणी नसे. पावसानं उघडीप दिली म्हणून सिप्रियानो ओढ्याकाठी विटा पाडायला, सासूबाई मेंढरांमागे. अंधारात मी आणि पोर. सहाव्या दिवशी मला आवाज ऐकू आला.

थप. थप थप. थप.

ओल्या मातीवर तळवा मारल्याचा आवाज. गवंड्याच्या बायकोला तो झोपेतही ओळखता येतो. पण माणूस थापतो तेव्हा मागोमाग माती घासल्याचाही आवाज असतो. इथे नुसती थपथप, हलकी, सावकाश, आणि खोलीच्या आतल्या बाजूने. मी श्वास रोखला की ती थांबायची. सोडला की पुन्हा सुरू. उंदीर असेल, छपरातून माती गळत असेल, असं मी एकेक कारण काढत गेले, आणि प्रत्येक कारण मला अर्धी घटका पुरलं.

पोर उठली तेव्हा तिला बदलायला घेतलं. आमच्याकडे तान्ह्याला खांद्यापासून पायांपर्यंत पट्ट्यानं घट्ट गुंडाळतात, हात आतच, हलायची सोय नाही. पट्टा मीच सकाळी बांधला होता. गाठ माझीच होती, सुटलेली नव्हती. मी ती सोडली, पट्टा उलगडला, तिचा उजवा हात मोकळा केला.

नखांत चिखल होता.

ओला, ताजा. पाचही बोटांना. तळव्याच्या रेषांतही भरलेला. डावा हात उघडला, तोही तसाच. सहा दिवसांची पोर, जिनं अजून मुठीसुद्धा नीट उघडल्या नव्हत्या.

मी तिचे हात तोंडात घालून चोखून स्वच्छ केले. पाण्याला हात लावायचा नव्हता म्हणून नाही, सुचलंच तेवढं. मातीत बारीक चिरलेलं गवत लागत होतं, विटेत घालतात ते. मग मी इतकी रडले की पोर घाबरून गप्प झाली.

५

सासूबाई सार घेऊन आल्या त्या गुडघ्यांवर रांगत. दार तेवढंच उरलं होतं.

“हे काय चाललंय गं?” त्या धापा टाकत म्हणाल्या. “माझा मुलगा दारं बांधतोय की कोंबड्यांची खुराडी?”

मी त्यांना सगळं सांगितलं. आवाज, नखं, खिडकी. मला वाटलं, हसतील. त्यांनी साराचा वाडगा खाली ठेवला.

“गवंडीणबाईला बोलावलं होतंस तू?”

“हो.”

“काय म्हणालीस तिला? जसंच्या तसं सांग.”

सांगितलं. ‘सावड’ म्हटल्यावर त्यांनी तोंडावर पदरासारखी आपली शाल ओढली.

“अगं करंटे,” त्या हळू म्हणाल्या. “जेवू घालून बोलावलं की ती मजूर असते. सावड म्हटलं की बरोबरीची होते. तिच्या घराचं काम निघालंय, आणि तू माणूस देईन म्हणालीस. कोण ते सांगितलंस?”

“नाही.”

“मग ती आपलं आपण निवडणार.” त्या पोरीकडे बघत होत्या. “माझ्या सगळ्या कुरणातली मेंढरं दिली असती गं. एक गिनिपिग काय घेऊन बसले मी.”

“तिचं घर कुठंय, आई?”

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. मग म्हणाल्या, “वरच्या वाडीत ते बिनदाराचं घर आहे ना, ते कोठार आहे म्हणून सांगतात. दार नाही त्या कोठारात दाणे भरायचे कुठून, हे मी लहानपणी विचारलं होतं. माझ्या आजीनं मला थोबाडीत मारली होती.”

सिप्रियानो आला तेव्हा त्या त्याच्यावर तुटून पडल्या. आत्ताच्या आत्ता दोघींना बाहेर काढ. तो ऐकेना. बाहेर संध्याकाळचा वारा सुटला होता, छपराचं गवत उचलत होता.

“या वाऱ्यात? मारायच्यात का दोघी? तुझा गुडघा आठव जरा.”

“गुडघा गेला तर गेला, जीव राहील!”

“सकाळी,” तो म्हणाला. “ऊन वर आलं की गाढव आणतो, दोघींना गुंडाळतो आणि तुझ्याकडे नेतो. पहारीनं दारही मोठं करतो. एका रात्रीनं काय होतंय?”

दोघांनी माझ्याकडे बघितलं. वाऱ्याची भीती माझ्या आईनं घातली होती, आजीनं घातली होती. ती आतड्यांत बसलेली होती. दुसऱ्या भीतीला तर धड नावही नव्हतं. मी म्हणाले, “सकाळी जाऊ.”

हे मी बोलले. दुसऱ्या कुणी नाही.

६

रात्रभर सिप्रियानो पोरीला छातीशी धरून बसला आणि काही झालं नाही. सकाळी लख्ख ऊन होतं. त्यानं पोर माझ्या हातात दिली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. असं तो कधी करत नाही. “गाढव घेऊन आलोच,” म्हणाला आणि पोटावर सरपटत दारातून बाहेर गेला. मी पोरीला शालीखाली घेतलं. ती पिऊ लागली. तिच्या पिण्याच्या लयीत माझा डोळा लागला. पापणी मिटून उघडावी एवढाच, असं मला वाटलं.

थपथप जवळून येत होती.

डोळे पूर्ण उघडायचं धाडस झालं नाही. पापण्यांच्या फटीतून दिसलं ते एवढंच. दाराकडच्या कोपऱ्यात ओली भिंत चकाकत होती. तिच्यापुढे मागच्या पायांवर उभी, माझ्याकडे पाठ करून, ती. वीतभर म्हणतात तशी नव्हती. तिच्या पुढ्यात माझी पोर, पट्टा सुटलेला, मान कशी कोण जाणे ताठ. आणि पोरीचं मनगट हलकेच धरून, लेकराला कणीक मळायला शिकवावं तसा, तिचा तळवा ती ओल्या मातीवर ठेवत होती. थप. उचलत होती. थप. पोर रडत नव्हती. मन लावून काम करत होती.

“ते लेकरू आहे,” मी म्हणाले. आवाज फुटला कसा, माहीत नाही. “तिला कामाला धरू नकोस. सावड मी बोललेय. घरचं माणूस मी.”

थपथप थांबली. ती वळली नाही. तेवढ्यात अंगाखालून काहीतरी सळसळत गेलं आणि पोर माझ्या मांडीवर होती, गार, कोपरापर्यंत चिखलानं भरलेली. कोपऱ्यात कोणी नव्हतं.

मी दाराकडे धावले, घोंगडं ओढलं. मागे भिंत होती. तिच्यावर माझ्या पोरीचे पंजे उमटले होते, एकाखाली एक, नीट ओळीत.

खिडकी उरली होती, दीड हात रुंद, जेमतेम अर्धी वीत उंच. मी किंचाळले. बाहेर सासूबाई होत्याच, त्या रात्रीपासून घराशी बसून होत्या. पोरीला मी पुन्हा घट्ट गुंडाळलं आणि डोक्याकडून त्या फटीत सरकवली. तिचे खांदे अडकले. त्या बाहेरून ओढत होत्या, मी आतून ढकलत होते, जशी सहा दिवसांपूर्वी ढकलली होती तशी. सुटली. बाहेर ऊन लागल्याबरोबर ती रडली, आणि माझ्या जिवात जीव आला.

७

सिप्रियानोनं पहार घेतली. मला आतून घाव ऐकू येत होते. वीट फुटायची, ढेकळं पडायची, तो ओरडायचा, “आता निघतेस बघ!” आणि मग पुन्हा घाव. फुटलेल्या विटेच्या मागे वीट होती. तिच्यामागे आणखी एक. माझ्या बाजूची भिंत मात्र होती तशीच, हाताला ओली. मग तो छपरावर चढला. गवत उपसल्याचा आवाज आला आणि मग थांबला.

“सिप्रियानो?”

“खाली विटा आहेत,” तो वरून म्हणाला. “गवताखाली विटा आहेत, दामियाना. मी इथं विटा घातल्या नव्हत्या.” तो लहान मुलासारखा रडत होता. सात वर्षांत मी त्याला रडताना ऐकलं नव्हतं, पाठ धरली तेव्हाही नाही.

दुपारपर्यंत खिडकी मुठीएवढी झाली. सासूबाईंनी पोरीला भोकापाशी धरलं. तिला भूक लागली होती. मी बोटावर दूध पिळून बोट बाहेर काढलं, ती ते चोखत राहिली. पुन्हा पिळलं, पुन्हा दिलं. असा कितीतरी वेळ गेला. शेजारच्या घरात तान्हं लेकरू आहे, त्याची आई हिला पाजेल, एवढं मी सासूबाईंना सांगितलं. त्या “हो गं, हो गं बाळे” म्हणत होत्या. इतक्या गोड त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या.

तेव्हा माझ्या मनगटाला मिशा लागल्या.

ती माझ्या हाताशी होती, अंधारात, माझ्या कोपराला अंग घासून. ऊब जाणवत होती, श्वास जाणवत होता. मी वाट बघितली, मला धरेल म्हणून. मी तयार होते. पण तिचं तोंड माझ्याकडे नव्हतं. ते भोकाकडे होतं, आणि नाक हलत होतं, पोरीच्या वासाच्या दिशेनं. माणूस म्हणून मी पुढे झाले होते, तरी तिनं निवडलेलं माणूस दुसरंच होतं. भोक मुठीएवढं. कोंबड्या पाळणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं, गवंडीणबाईचं डोकं जिथून जातं तिथून ती सगळी जाते.

मी बोट आत घेतलं आणि पंजा भोकावर धरला.

“आई, तिला घेऊन जा. ओढ्यापलीकडे जा. मागे बघू नका.”

“आणि तू?”

“मला काम आहे.”

“पोरी, सिप्रियानो दुसरी पहार आणायला गेलाय...”

“जा म्हटलं ना!” जन्मात पहिल्यांदा मी सासूवर ओरडले.

पायांशी वीट होती, ओली, तयार. कुणी ठेवली, मी बघितलं नाही. एका हातानं भोक झाकून दुसऱ्या हातानं ती उचलली. जड होती. बाहेर पोर रडायला लागली, भुकेचं रडणं. माझं दूध आपोआप वाहू लागलं, चोळी भिजली. मिशा माझ्या बोटांमधून वाट शोधत होत्या. मी हात काढून त्याच क्षणी वीट बसवली, कडांना चिखल भरला, आणि पोरीचं रडणं ऐकू येईनासं होईपर्यंत थापत राहिले.